दौलताबादचा कट आणि दोन काळांतल्या दोन बायका: अशी कादंबरी लिहायला बसणाऱ्यांसाठी

सहा वर्षं लागली मला. त्यातली पहिली तीन तर सरळ पाण्यात गेली, कारण विचारायचं कुणाला हेच माहीत नव्हतं. मी जालन्याची, नोकरी बँकेत, म्हणजे दिवसभर काउंटर आणि रात्री जेवणं उरकली की डायनिंग टेबलावर लॅपटॉप. आता ओळखीपाळखीतले चार-पाच जण विचारायलेत की ताई, आम्हालापण अशी दोन काळांतली ऐतिहासिक कादंबरी लिहायचीय, सुरुवात कुठून करू. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी काही मोठी लेखिका नाही, पण खड्डे कुठं कुठं आहेत ते मला पडून माहीत झालंय.

आधी माझा विषय सांगते, म्हणजे पुढची उदाहरणं कळतील. जुलै १६२९. दौलताबादचा किल्ला, निजामशाही दरबार. सिंदखेडचे लखुजी जाधवराव, म्हणजे जिजाऊंचे वडील, मोगलांकडून परत निजामशाहीत आलेले. त्यांना मुजऱ्याला बोलावलं आणि दबा धरून बसलेल्या माणसांनी दरबारातच घाला घातला. लखुजी, अचलोजी आणि राघोजी ही दोन मुलं, यशवंतराव हा नातू, एका दिवसात चौघं गेले. सिंदखेडराजा आमच्यापासून तीसेक किलोमीटर, माझं आजोळ त्याच बाजूचं, १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवाला मी मामाच्या खांद्यावर बसून गेलेली आहे. तिथं सगळे जिजाऊंबद्दल बोलायचे आणि बोलायलाच पाहिजे, पण जिजाऊंच्या आईबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही. नवरा, दोन पोरं, नातू एकाच दिवशी कापले गेले त्या बाईनं त्या रात्री काय केलं? एवढ्या एका प्रश्नावर मी कादंबरी काढली.

काय काय लागतं

- दोनशे पानी वही, एक. तारखांसाठी. मोबाईलमध्ये नको, वहीच.
- जुनी जंत्री किंवा तिथी-तारीख बदलून देणारा चांगला तक्ता.
- किल्ल्याचा नकाशा, स्वतःच्या हातानं काढलेला. वाकडातिकडा चालतो.
- ग्रंथालयाचं कार्ड आणि अभिलेखागारात जायचं असेल तर ओळखपत्र, आधारची झेरॉक्स, दोन फोटो, आणि कॉलेज किंवा संस्थेचं शिफारसपत्र मिळालं तर लै बरं.
- पेन्सिल. जुन्या कागदांजवळ पेन नेऊ देत नाहीत आणि बरोबरच आहे ते.
- मोडी थोडीफार यावी. पुराभिलेख खात्याचे छोटे प्रशिक्षण वर्ग असतात, मी केला. अस्खलित नाही येत पण कागदाचा विषय काय एवढं कळतं.
- युनिकोड टायपिंग. याच्याबद्दल शेवटी रडणार आहे मी.

१. सगळ्यात आधी: बाई कुठं उभी होती ते ठरवा

माझी पहिली तीन वर्षं याच्यावाचून गेली. मी काय केलं, पुस्तकं वाचली, टिपणं काढली आणि कट जसाच्या तसा लिहून काढला. कोण कुणाला भेटलं, खलबतं झाली, निजामशहा काय म्हणाला, तलवारी कशा चालल्या. ऐंशी पानं झाली तरी एकपण बाई नाही. मग बायकांवरची कादंबरी आहे म्हणून मधूनमधून जनान्यातला एक सीन टाकायचा, तिथं दोघीतिघी बसून मला आधीच माहीत असलेली माहिती एकमेकींना सांगायल्या. "तुला कळलं का गं, स्वारी मोगलांना सोडून आली." वाचताना माझी मलाच जांभई यायची.

कट दरबारात होतो आणि दरबारात बाई नसते. म्हणून तिला दरबारात घुसवायचं नाही (दाराआडून ऐकलं, पडद्यामागून पाहिलं हे एकदा चालतं, दुसऱ्यांदा वाचक हसतो), तर ती जिथं होती तिथून तिला किती दिसलं, किती ऐकू आलं आणि कधी कळलं तेवढंच लिहायचं. मुदपाकात असलेल्या बाईला कट कसा कळेल? आज किती माणसांचं जेवण सांगितलं आणि किती ताटं परत आली, यावरून. घोडी बघणाऱ्या माणसाच्या बायकोला? धन्याची घोडी बिनधन्याची परत आली, यावरून. हे सुचलं तेव्हा मी ऐंशी पानं डिलीट केली, खरंच केली, आणि नवी फाईल उघडली. माझी जुन्या काळातली नायिका मग जाधवांच्या घरातली एक दासी झाली, पूर्ण काल्पनिक, आणि म्हाळसाबाई, म्हणजे जिजाऊंची आई, तिच्या नजरेतून दिसतात. हा सल्ला एकच लक्षात राहिला तरी बाकीचं नाही वाचलं तरी चालेल.

२. तारखांची वही

वहीचे तीन रकाने करा: काय घडलं, कधी घडलं, माझ्या बाईला कधी कळलं. तिसरा रकाना महत्त्वाचा. दौलताबाद ते सिंदखेड शंभराच्या वर किलोमीटर, श्रावणातला चिखल, मधे दुधना आणि बाकीच्या नद्या. सांडणीस्वार असो का घोडेस्वार, बातमी त्याच संध्याकाळी पोचत नाही. माझ्या जुन्या ड्राफ्टमध्ये पोचली होती, काय सांगायचं.

आता कालगणनेचा गुंता. आपल्याकडच्या कागदांत निदान चार प्रकारचे सन भेटतात.

शके: त्यात ७८ मिळवले की इसवी सन, आणि जानेवारी ते फाल्गुन संपेपर्यंतच्या भागाला ७९. लखुजींचा खून शके १५५१ मधला आणि शिवाजीराजांचा जन्मपण शके १५५१ मधलाच, फाल्गुन वद्य तृतीया. पण इसवी सनात एक १६२९ आणि दुसरा १६३०. नवखा माणूस इथं हमखास गंडतो.

शुहूर: मराठी कागदांत लै असतो. ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण वर्ष मृग नक्षत्राला बदलतं.

फसली: निजामाच्या राजवटीतल्या महसुली कागदांत. साधारण ५९० मिळवा. आपल्या मराठवाड्यात आजोबांच्या जमिनीचे कागद काढले तरी हा भेटतो.

हिजरी: चांद्र वर्ष, साडेतीनशेच्या वर चारच दिवसांचं, म्हणून सरळ बेरीज चालत नाही, तक्ताच बघा.

याच्याउप्पर एक पाचवी भानगड. सतराव्या शतकाच्या ज्या इसवी तारखा आपल्या पुस्तकांत छापतात त्या बऱ्याचदा जुन्या ज्युलियन पद्धतीच्या असतात आणि आजच्या कॅलेंडरपेक्षा दहा दिवस मागे असतात. म्हणजे २५ जुलै १६२९ लिहिलंय तर आजच्या हिशेबात ऑगस्ट उजाडलेला असतो. पाऊसपाणी, पेरणी, पिकाची उंची लिहिताना हे दहा दिवस मोजा.

माझी झालेली फजिती सांगते. दासी आणि म्हाळसाबाई रात्रीच्या निघतात तो प्रसंग मी जीव ओतून लिहिला. काळाकुट्ट अंधार, हाताला हात दिसत नाही, झाडामागून झाड चाचपडत जातात. चार पानं. अंबडचे एक रिटायर्ड सर आहेत, त्यांना वाचायला दिलं. त्यांनी समासात पेन्सिलनं एवढंच लिहिलं: "श्रावण पौर्णिमा." झालं. खुनाची तिथी मीच वहीत लिहून ठेवलेली आणि रात्र मात्र अमावस्येची. मग ते सगळं परत लिहिलं, आणि खरं सांगू, चांगलं झालं. ढग सरकला की चांदणं पडतं आणि दोघींना जागच्या जागी थांबावं लागतं, ढग आला की चालायचं. अंधारापेक्षा चांदण्याची भीती जास्त. मला बसल्या जागी हे कधीच सुचलं नसतं, तिथीनं सुचवलं.

आणखी एक. जिजाऊ त्या वेळी गरोदर होत्या, दोन-अडीच महिन्यांच्या. असं वाक्य शोधत बसू नका, दोन तारखांमधलं अंतर मोजा आणि नऊ महिने उलटे जा. बायकांचा इतिहास बऱ्याचदा असा वजाबाकीतून काढावा लागतो.

३. किल्ल्यावर जा, पण पर्यटक म्हणून नको

दौलताबाद संभाजीनगरहून पंधराएक किलोमीटर. आपण सगळे शाळेच्या सहलीत जाऊन आलेलो असतो, अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेत, किंचाळून आलेलो असतो आणि वाटतं की किल्ला माहीत आहे. नसतो. मी पाच वेळा गेले. तिसऱ्या वेळी भाच्याला घेऊन गेले, नववीत होता. त्याला म्हणलं तू आत पडक्या महालाच्या भिंतीमागं जा आणि जीव तोडून ओरड, मी खाली तटाच्या दरवाजापाशी उभी राहते. त्यानं काय ओरडलं देव जाणे, मला वारा आणि वटवाघळांच्या वासाशिवाय काहीच आलं नाही. पाच मिनिटांनी शिट्टी ऐकू आली, ती सिक्युरिटीवाल्याची, पोराला धरून आणलं होतं. पण मला हवं ते मिळालं: आत चार माणसं मारली तरी बाहेरच्या तटाजवळ थांबलेल्या बाईला ऐकू येणार नाही. तिला कळेल ते आधी दरवाजा अवेळी बंद झाला म्हणून. त्या एका दरवाजावर माझं अख्खं प्रकरण उभं आहे.

जाताना यादी करा की तुमच्या वर्षी काय होतं आणि काय नव्हतं. चाँद मिनार होता, तो पंधराव्या शतकातला. पण वरची देखणी बारादरी शहाजहानच्या वेळची, १६२९ मध्ये नाही. मी पहिल्या ड्राफ्टमध्ये निजामशहाला तिथं हवा खायला बसवलं होतं. बीबी का मकबरा तर पुढच्या पिढीतला. पाणचक्कीपण नंतरची.

शहराच्या नावाचं तर विचारूच नका. मलिक अंबरनं १६१० मध्ये वसवलं तेव्हा खडकी. १६२६ मध्ये तो वारला, मग मुलाच्या नावानं फत्तेनगर. औरंगाबाद झालं १६५३ मध्ये. त्यामुळं १६२९ मधलं तुमचं पात्र "औरंगाबादेहून आलो" म्हणालं की खेळ खल्लास. आणि आजच्या काळातपण सावध, तुमचं आधुनिक कथानक २०२२ मध्ये सुरू होऊन २०२४ मध्ये संपत असेल तर मधेच शहराचं नाव बदलतं. माझी नायिका औरंगाबादला परीक्षा देते आणि छत्रपती संभाजीनगरला नोकरीला लागते, शहर तेच.

येताना कागजीपुऱ्याला थांबा. दौलताबादजवळच आहे, हातकागद अजून बनतो. एक ताव विकत घ्या, उजेडासमोर धरा, कोपरा फाडून बघा. फाटताना धागे निघतात, आवाज वेगळा येतो. जुना कागद हातात घेतलेल्या पात्राचं वर्णन मी गुगलवरून करत होते ते सगळं त्या दिवशी बदललं.

४. नाव नसलेल्या बायकांचं काय करायचं

इथं जरा थांबते कारण मला इथंच सगळ्यात जास्त मजा आली आणि त्रासपण.

म्हाळसाबाईंचं नाव काही ठिकाणी म्हाळसाबाई, काही ठिकाणी गिरिजाबाई. बादशाहनाम्यासारख्या मोगलांच्या फारसी साधनांत मराठी नावं अशी काही वाकतात की ओळखूच येत नाहीत. निजामशहाचंपण तेच, काही पुस्तकांत बुऱ्हाण, काहींत मुर्तजा. एक नाव पकडा, शेवटपर्यंत तेच ठेवा, आणि मनोगतात दोन ओळीत सांगून मोकळे व्हा. कादंबरीच्या आत वाद घालू नका.

आणि मग हमीदखानाची बायको. हमीदखान निजामशाहीतला हबशी सरदार, त्या वेळच्या दरबारात त्याचा शब्द चालायचा. मोगल तवारिखकार सांगतो की त्याच्या बायकोचं निजामशहाच्या जनान्यात लै वजन होतं, आणि आदिलशाही फौज आली तेव्हा ही बाई स्वतः फौज घेऊन चालून गेली आणि जिंकून आली. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते, मी उठून नवऱ्याला उठवलं. आणि पुढची ओळ वाचते, परत मागं जाते, परत वाचते, तर बाईचं नाव नाही. लढाई आहे, विजय आहे, नाव नाही. हमीदखानाची बायको, बस.

नवीन लेखक काय करतो, तिला झटक्यात एक छान नाव देतो आणि पुढं जातो. मीपण दिलं होतं. मग काढून टाकलं. माझ्या कादंबरीत तिला जो तो वेगळ्या नावानं हाक मारतो, कुणी बेगमसाहेब, कुणी खानाची बाई, मागून शिव्या पण देतात, आणि तिचं खरं नाव आमच्या दासीला एकदाच ऐकू येतं ते पण अर्धवट. जे कागदावर नाही ते कादंबरीत भरून काढायचंच असतं असं नाही, त्या पोकळीलाच पात्र करता येतं. मात्र सगळ्या बायकांना असं निनावी ठेवलं तर वाचक वैतागतो. एकच ठेवा.

ट्रॅप: कटाच्या कादंबरीत एक बाई देवता आणि एक बाई विषकन्या करायचा मोह होतो. म्हाळसाबाई सोशिक, हमीदखानाची बायको कपटी, झाली का टीव्ही सिरियल. दुसरा त्याहून मोठा मोह म्हणजे धर्मावरून बाजू पाडणं. लखुजी आधी निजामशाहीत, मग मोगलांकडे, मग परत निजामशाहीत. खुनानंतर त्यांची बायको आणि भाऊ जगदेवराव दौलताबादहून सिंदखेडला निघून गेले आणि मोगलांना मिळाले. शहाजीराजेसुद्धा पुढं काही काळ मोगलांकडे गेले. याच्यात तुमच्या आजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या बाजू बसतच नाहीत. जाधव-भोसल्यांचं वैर तर खंडागळ्याचा हत्ती बिथरला त्यावरून पेटलं, शिवभारतात, म्हणजे शिवाजीराजांवरच्या जुन्या संस्कृत काव्यात, सविस्तर आहे, त्यात दोन्हीकडची पोरं गेली. सोयरे असलेल्या घरांत ही तऱ्हा होती. म्हाळसाबाईंना लेकीच्या सासरचं नाव निघाल्यावर काय वाटत असेल ते लिहा, तिथं कादंबरी आहे.

आणि वंशज आहेत बरं का, सिंदखेडराजा, देऊळगावराजा भागात घराणी आहेत, लोक भावनेनं जोडलेले आहेत. घाबरून खोटं गोड लिहू नका, पण खऱ्या व्यक्तीच्या तोंडी किंवा अंगी काहीतरी लाजिरवाणं घालायचं असेल तर ते काल्पनिक पात्राला द्या.

५. आजचा काळ: त्याला कामाला लावा

दोन काळांच्या कादंबरीत आजचा काळ नेहमी फिका पडतो. एक मुलगी शहरातून येते, वाड्यात पेटी सापडते, पेटीत डायरी, डायरी वाचत बसते. सतराव्या शतकातल्या दासीची डायरी! अहो, कुठून येणार?

आजच्या बाईला भूतकाळ कळला नाही तर तिचं काहीतरी अडलं पाहिजे, तिचं पोट, तिची नोकरी, तिचं भांडण. मला हे २०२३ नं आयतं दिलं. कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती आली, मराठवाड्यातल्या तहसिलींत जुनी कपाटं उघडली, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. कालपर्यंत ज्या कोर्सला "काय करायचं ते शिकून" म्हणत होते त्याच पोरीला फोनवर फोन. माझी आधुनिक नायिका तशीच एक मोडी वाचणारी पोर, रोजंदारीवर.

पण इथंपण एक खड्डा आहे. तहसिलीच्या अभिलेख कक्षात तुम्हाला १६२९ चा कागद सापडणार नाही. तिथं निजामाच्या काळातले आणि पुढचे, खासरा पत्रक, पाहणी पत्रक, असले. सतराव्या शतकातलं काही असलंच तर खाजगी घरात, देशमुख-देशपांड्यांच्या वतनाच्या बासनात (कापडात बांधलेल्या कागदांच्या गाठोड्यात), आणि तेपण बहुतेक नंतर केलेली नक्कल. मोगलकालीन फारसी कागदांचा मोठा साठा हैदराबादच्या अभिलेखागारात आहे, तो आपल्याच भागातून तिकडं गेलेला. म्हणून माझी पोर तहसिलीत काम करते आणि तिथं एक म्हातारा येऊन म्हणतो, आमच्या घरी पण एक बासन आहे, बघता का.

६. जोडणारी वस्तू

त्या बासनात निघतो महजर. महजर म्हणजे गोतानं बसून दिलेला निवाडा, खाली हजर असलेल्यांच्या निशाण्या. पाटलाची निशाणी नांगर. आणि बाईची निशाणी बांगडी, म्हणजे एक गोल. माझी नायिका पहिल्यांदा तो गोल शून्य समजते, मग शाईचा डाग समजते, आणि शंभर पानांनंतर तिच्या लक्षात येतं की इथं एक बाई साक्षीला बसलेली होती.

वस्तू निवडताना मी तीन गोष्टी बघते. ती टिकण्यासारखी पाहिजे. ती दोन्ही काळात वेगवेगळ्या अर्थाची पाहिजे. आणि ती लहान पाहिजे. तलवार, मुकुट, खजिन्याचा नकाशा नको. सिंदखेडराजाला २०२४ मध्ये लखुजींच्या समाधीजवळ खोदकामात शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती निघाली, तेव्हा मला तीन जणांनी फोन करून सांगितलं की कादंबरीत घाल, रेडीमेड क्लायमॅक्स आहे. नाही घातली. ती सापडल्यानं माझ्या दासीबद्दल काही कळत नव्हतं.

७. ताट आणि तोंड

ताटात: बटाटा, टोमॅटो, साबुदाणा, चहा काढून टाका. ज्वारी, बाजरी, तूर, अंबाडी, ताक, तूप, तिखटाला मिरे. उपासाला साबुदाण्याची खिचडी खाणारी सतराव्या शतकातली सरदारीण मी एका हस्तलिखितात वाचलीय आणि ते हस्तलिखित माझं नव्हतं एवढंच सांगते. १६३० ते ३२ तर दख्खनमधला भयंकर दुष्काळ, तेव्हा ताटात काय घालायचं हा प्रश्नच नाही, काय नाही ते लिहा.

तोंडात: जुनी माणसं बोलतात म्हणून सगळ्यांना "आम्हांस असे वाटते की" बोलायला लावू नका, ती पत्रांची भाषा, ती पण पेशवाईतल्या. मी दासीला माझ्या आजीची भाषा दिली, "जायलाव", "करूलालीस", "कामून" आणि त्यात त्या वेळी रुळलेले फारसी शब्द मिसळले: हवाला, खबर, जामीन, हुजूर. आजची पोर मोबाईलवरची मराठी बोलते. संवादाचं एक पान उघडलं की कोणता काळ ते दुसऱ्या ओळीला कळलं पाहिजे, प्रकरणावर साल छापलेलं नसलं तरी.

८. खो कधी द्यायचा

आलटून पालटून लिहू नका. आधी जुना काळ सलग लिहा, मग आजचा सलग, मग कापा. मी आलटून पालटून लिहीत होते तेव्हा प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दार वाजायचं, फोन वाजायचा नाहीतर कुणीतरी किंचाळायचं.

कापताना एक बघा: आजच्या पोरीला जे कळलं ते वाचकाला आधीच माहीत आहे का? असेल तर तो तिच्या पुढं बसून जांभया देतो. माझ्याकडं दर वेळी यातलं एक असतं: वाचकाला माहीत आणि पोरीला चुकीचं कळलं, किंवा पोरीला कागद दिसला आणि वाचकाला अजून प्रसंग दिसलेला नाही. दोघांना एकाच वेळी तेच कळलं की ते प्रकरण उडवलं. अशी सात उडाली. भिंतीवर चार्टपेपर लावून दोन रंगांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, सासूबाई म्हणायच्या घराला पिवळा-गुलाबी गोवर आलाय.

शेवटी दोन्ही काळ जुळलेच पाहिजेत आणि पोर त्या दासीची वंशज निघालीच पाहिजे, असं काही नाही. माझी नाही निघत. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांनी घेतला तिथं माझा जुना काळ थांबतो.

९. छापण्याचं

वाचायला तिघांना द्या: एक इतिहासवाला, एक बाई जी फक्त गोष्टीसाठी वाचते, एक जो तोंडावर वाईट बोलतो.

कॉपीराइट लिहिल्याक्षणी तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही, करायची तर साहित्यकृतीला ५०० रुपये फी. दुसऱ्याचा अनुवाद, नकाशा, फोटो घेताना परवानगी बघा, आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. शिवभारत जुनं आहे पण त्याचा मराठी अनुवाद जुना असेलच असं नाही. आयएसबीएन नंबर भारतात फुकट मिळतो, कुणी त्याचे पैसे मागत असेल तर दुसरं दार बघा. पहिलंच पुस्तक असेल तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, चौकशी करा. पानं सोळाच्या पटीत धरा, फर्मा सोळा पानी असतो, ३२३ पानं झाली तर तीन पानांसाठी सगळं गणित बिघडतं.

आता रडगाणं. मी सगळं युनिकोडमध्ये टाइप केलं, डीटीपीवाल्यानं त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये बदललं. प्रूफ आलं तर अर्धी जोडाक्षरं फुटलेली आणि "र्‍ह", "ऱ्य" तर पार गेलेले. म्हणजे बुऱ्हाण गेला, बऱ्हाणपूर गेलं, सगळे सुऱ्या-कट्यारीवाले गेले. साडेतीनशे पानं डोळ्यात तेल घालून परत वाचली. करार करतानाच विचारा की कोणत्या फॉन्टमध्ये लावणार, आणि फुटलेल्या अक्षरांची दुरुस्ती कुणाची.

मनोगत मात्र आळस न करता लिहा. काय कागदावर आहे आणि काय मी रचलंय, नावानिशी. मी पहिल्या आवृत्तीत गोलमोल लिहिलं होतं, "काही प्रसंग कल्पित आहेत" एवढंच. पुस्तक आल्यावर तिसऱ्या आठवड्यात देऊळगावराजाकडून एक काका बसनं जालन्याला आले, बँकेत माझ्या काउंटरसमोर उभे राहिले, हातात पुस्तक, पान दुमडलेलं, आणि म्हणाले, मॅडम, तो बांगडीचा महजर कुणाकडं आहे, आम्हाला फक्त बघायचाय. मागं लाईन लागलेली. मी त्यांना बाजूच्या बाकड्यावर बसवलं, चहा सांगितला आणि लंच झाल्यावर सगळं खरं सांगितलं. दुसऱ्या आवृत्तीच्या मनोगतात पहिली ओळ तीच आहे: हा कागद नाही, तो मी लिहिला.